पॅकेजमध्ये न मावणारी वर्षं

आमच्या कपाटात एक निळी फाइल आहे. करसल्लागाराच्या ऑफिसात तेवीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब लिहिले, त्यामुळे पावती फेकवत नाही. घरचे याला रोगच म्हणतात. एप्रिल २०१८ मध्ये नागपुरातल्याच एका खासगी हॉस्पिटलात माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या सात वर्षांत या पोटावर जे जे खर्च झालं, ते सगळं त्या फाइलीत आहे. पहिलं पान एस्टिमेटचं. ३ लाख ४० हजार, आणि खाली शिक्का मारल्यासारखं ‘सर्व समावेशक पॅकेज’. त्या ‘सर्व’ची मुदत डिस्चार्जच्या दुपारी संपते, हे फाइल जाड होत गेली तसं उमगत गेलं.

आधीच सांगून ठेवतो, हा लेख ऑपरेशनच्या विरोधात नाही. माझी उंची पाच फूट सहा इंच आणि वजन ११८ किलो होतं. दोन वेळा इन्सुलिन. रात्री झोपेत श्वास अडकायचा आणि बायको हलवून जागं करायची. तिची झोप माझ्यापेक्षा जास्त गेली. आज मी ८४ किलोवर आहे, इन्सुलिन बंद आहे, ती झोपते. स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन झालेल्या दोन हजारांवर लोकांचा आणि न झालेल्या जवळपास तितक्याच लठ्ठ लोकांचा मागोवा घेतला गेला. त्याचे २०२० साली छापून आलेले आकडे सांगतात की ऑपरेशनवाले सरासरी तीन वर्षं जास्त जगले. त्याच अभ्यासात हेही आहे की सर्वसामान्य लोकांच्या मानाने त्यांचं आयुष्य साडेपाच वर्षांनी कमीच भरलं. दोन्ही आकडे एका दमात सांगायला हवेत. चौकातल्या होर्डिंगवर त्यातला एकही नसतो, तिथे ढगळ पँटचा कंबरपट्टा पुढे ओढून हसणारा माणूस असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. जे हॉस्पिटल हे ऑपरेशन करतं, त्याने पेशंटला भरती करण्याआधी पुढच्या पाच वर्षांच्या तपासण्या, औषधं आणि त्यांचा अंदाजे खर्च एका कागदावर, पेशंटच्या भाषेत लिहून द्यायला हवा. आणि जी विमा कंपनी ऑपरेशनचे पैसे देते, तिने त्या कागदावरच्या तपासण्यांचेही द्यायला हवेत. हे डॉक्टरांच्या भलेपणावर सोडू नये, नियमच करावा.

का, ते समजायला पोटात काय होतं ते आधी बघावं लागेल. या ऑपरेशनचे दोन मुख्य प्रकार, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा किंवा थोडा जास्तच कापून बाहेर काढतात आणि एक बारीक नळी शिल्लक ठेवतात. बायपासमध्ये जठराचा जेमतेम ३० मिलीचा कप्पा करून तो लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, म्हणजे अन्न मधला रस्ता टाळूनच पुढे जातं. खाणं कमी होतं, भूक कमी होते, साखर उतरते. पण बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व अंगी लागायला जठरातून जो पदार्थ पाझरावा लागतो, तोही कमी होतो. लोह आणि कॅल्शियम जिथे शोषलं जातं तो आतड्याचा भाग बायपासमध्ये वाटेतच येत नाही. म्हणून गोळ्या. सहा महिने नाही, वर्षभर नाही, मरेपर्यंत. आणि त्यांचंही वेळापत्रक असतं: लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, मध्ये दोन तास हवेत, लोहाच्या गोळीवर चहा नको, कॅल्शियमचा डोस एकदम गिळून उपयोग नाही, तो दोन-तीनदा विभागून घ्यायचा, आणि तोही सायट्रेटचा असलेला बरा.

यातली लबाडी अशी की बी-ट्वेल्व्हचा साठा यकृतात असतो. तो संपायला दोन-तीन वर्षं लागतात. पहिल्या वर्षी माणूस हलका झालेला असतो, लग्नसमारंभात कौतुक होत असतं, रिपोर्ट बरे येतात. तेवढ्यात तो गोळ्या सोडतो. पायाला मुंग्या यायला लागतात तेव्हा ऑपरेशनची आठवणही कोणाला राहिलेली नसते. आमच्याकडे शाकाहारी घरांत बी-ट्वेल्व्ह आधीच तळाशी असतं, त्यामुळे हा साठा काही जणांच्या बाबतीत मुळात भरलेलाच नसतो. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गल्लीतल्या दवाखान्यात इंजेक्शन घेतो. कंपाउंडर लाल रंगाचं ते औषध सिरिंजमध्ये ओढताना दर वेळी विचारतो, “भाऊ, हे अजून किती दिवस चालू राहीन?” मी दर वेळी सांगतो. पुढच्या महिन्यात तो पुन्हा विचारतो.

आता नागपूरचा उन्हाळा. हॉस्पिटलने एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख दिली, मी घेतली. मार्चअखेरीची धावपळ संपली होती, सुट्टी मिळत होती, मला वाटलं उत्तम. ऑपरेशननंतर पाणी घटाघट पिता येत नाही. एक घोट, थांबा, दुसरा घोट. हॉस्पिटलने एक प्लास्टिकचा ३० मिलीचा पेला दिला होता, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाएवढा. दर दहा मिनिटांनी तो एक भरून प्यायचा, दिवसभर. तेव्हा कुठे दोन लिटर होतात. बाहेर ४५ अंश, कूलरमधून गरम हवा, आणि मी मांडीवर घड्याळ ठेवून तो पेला मोजतोय. दुपारी डुलकी लागली की सहा पेले हुकायचे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी उभा राहिलो आणि भिंत फिरली. एक रात्र भरती, सलाईन, ११ हजार. पॅकेजमध्ये बसतं का, असं विचारलं तर काउंटरवरून उत्तर आलं, ते डिस्चार्जनंतरचं आहे ना. पाणी कमी पडणं हे अशा ऑपरेशननंतर पुन्हा भरती व्हावं लागण्याचं एक नेहमीचं कारण आहे, हे मला मागाहून कळलं. विदर्भात ही ऑपरेशनं एप्रिल-मेमध्ये, अगदी तातडी नसेल तर, करूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. कोणी डॉक्टर यावर हसले तर त्यांनी एकदा तो पेला घेऊन मे महिन्यात बसून बघावं.

दहाव्या महिन्यात पित्ताशयात खडे झाले. वजन झपाट्याने उतरलं की खडे होतात, ही जगजाहीर गोष्ट आहे. ते टाळायला बरेच सर्जन पहिले सहा महिने एक गोळी देतात. माझ्या डिस्चार्ज कार्डावर ती नव्हती, किंवा होती आणि मीच आणली नाही. (हे लिहिताना उठून कार्ड पाहून आलो. नव्हती.) पित्ताशय काढायला ७२ हजार. विमा कंपनीने दावा फेटाळला. वजन कमी करण्याचं ऑपरेशन पॉलिसीत बसत नव्हतं, आणि हे त्याचंच पुढचं लचांड, असं त्यांचं म्हणणं. पुढे चौथ्या वर्षापासून रात्री घशाशी आंबट पाणी यायला लागलं. फिनलंडमध्ये दहा वर्षांनी स्लीव्ह आणि बायपास झालेल्यांची एंडोस्कोपी करून तुलना केली, तेव्हा स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला सूज सापडली, बायपासवाल्यांत ७ टक्के. ज्याला आधीपासून जळजळीचा त्रास आहे त्याला हा आकडा ऑपरेशन निवडतानाच कळायला हवा. मला आधीपासून त्रास होता. मी जेलुसिलची बाटली टेबलाच्या खणात ठेवणारा माणूस होतो.

हिशेबनीस आहे, त्यामुळे दोन्ही बाजू मांडतो. सात वर्षांत, ऑपरेशनचं बिल सोडून: गोळ्या आणि दरवर्षीच्या रक्ततपासण्या १ लाख ६१ हजार, इंजेक्शनं ५ हजार, पहिल्या वर्षीची प्रोटीन पावडर २० हजार, ती उन्हाळी भरती ११ हजार, पित्ताशय ७२ हजार, दोन एंडोस्कोपी ९ हजार, ॲसिडिटीच्या गोळ्या १२ हजार. एकूण २ लाख ९० हजार. जमेला काय? मधुमेहाचा माझा महिन्याचा खर्च ३,२०० वरून ६०० वर आला. चौऱ्याऐंशी महिन्यांचे २ लाख १८ हजार होतात. फरक ७२ हजारांचा, म्हणजे नेमका पित्ताशयाएवढा. शांत झोपेची, जिने चढण्याची किंमत मी धरलेली नाही, ती धरली तर माझा सौदा फायद्याचाच आहे.

पण बेरीज बघून समाधान मानणाऱ्याने तारखाही बघाव्यात. त्या २ लाख ९० हजारांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्या दीड वर्षातच गेले, आणि तेवढ्या काळात मधुमेहाचे वाचले ते ४७ हजार. बचत चिल्लरीत येते, खर्च गठ्ठ्यात येतो. आणि तो गठ्ठा नेमका अशा वेळी समोर येतो जेव्हा माणसाने पीएफमधून काढून, दागिने ठेवून किंवा हप्ते बांधून ऑपरेशनचे पैसे नुकते भरलेले असतात. माणूस मग कशात काटकसर करतो? पित्ताशयात करता येत नाही, ते दुखतं. तो गोळ्यांत करतो, कारण गोळी न घेतल्याने उद्या काही दुखत नाही. माझ्या फाइलीवरून काढलेला माझा ठोकताळा असा: ऑपरेशनच्या बिलाच्या एक तृतीयांश रक्कम आधी वेगळी एफडीत टाकून ठेवता येत नसेल, तर तारीख पुढे ढकला आणि ती रक्कम जमवा. लटकणारी कातडी काढण्याचा खर्च यात नाही. तो विम्यात सौंदर्योपचार म्हणून वगळलेला असतो, आणि तो परवडण्याजोगा नसतो म्हणून बहुतेक जण पोटाला पट्टा बांधून भागवतात, मीही.

नागपूरचं म्हणून एक वेगळं दुखणं आहे. इथे पेशंट फक्त नागपूरचे येत नाहीत. रामदासपेठ-धंतोलीतल्या कुठल्याही वेटिंग हॉलमध्ये बसा, गोंदिया, गडचिरोली, यवतमाळ, बालाघाट, छिंदवाडा, राजनांदगाव असं सगळं शेजारी-शेजारी बसलेलं असतं. ऑपरेशन इथे होतं, आणि पुढचं सगळं आयुष्य दोनशे किलोमीटर लांब. माझ्या शेजारी एकदा गोंदियाकडचे एक काका बसले होते. गावात पोट दुखायला लागलं म्हणून डॉक्टरकडे गेले, ‘बायपास झालंय’ म्हणाले, डॉक्टरांनी हृदयाचं समजून तातडीने ईसीजी काढला. काका हसत सांगत होते, मीही हसलो. पण बायपासनंतर वर्षानुवर्षांनीही आतडं आतल्या आत फटीत अडकू शकतं, ते पोटदुखीनेच समजतं, आणि वेळ गेली तर आतडं सडतं. ईसीजी काढण्यात गेलेला वेळ तिथे हसण्यावारी नेता येत नाही.

त्याहून भीतीदायक गोष्ट सलाईनची आहे. ऑपरेशननंतर कोणाला आठवडेच्या आठवडे उलट्या होत राहिल्या तर शरीरातलं बी-वन हे जीवनसत्त्व संपतं. त्याचा साठा फार थोडा असतो. अशा पेशंटला बी-वन न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर उरलंसुरलं बी-वनही त्यात जळतं आणि मेंदूवर परिणाम होतो: चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसतात, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो. आणि आपल्याकडे अशक्तपणा म्हटलं की पहिलं काय करतात? “एक बाटली लावून देतो, तरतरी येईन.” त्यात त्या डॉक्टरांचा तरी काय दोष? त्यांच्यासमोर पेशंटचा एकही कागद नसतो. तीच गत दुखण्याच्या गोळ्यांची. २०२४ च्या पावसाळ्यात चिकनगुनियाने नागपुरात घराघरात माणसं सांधे धरून बसली होती, मेडिकलवाले मूठभर पेनकिलर कागदात बांधून देत होते. बायपास झालेल्याने त्या घेतल्या तर नव्या जोडापाशी अल्सर होऊ शकतो. पाकिटात ठेवायचं एक कार्ड, त्यावर कुठलं ऑपरेशन, कधी, काय द्यायचं नाही, उलट्या असतील तर आधी काय द्यायचं, एवढ्या चार ओळी मराठीत आणि हिंदीत. लॅमिनेशनसकट दहा रुपयांचं काम आहे. मला मिळालं नाही. मी स्वतः टाइप करून घेतलं.

आणि एक गोष्ट, जी बोलताना सगळे आवाज खाली करतात. वेटिंग हॉलमध्ये आई आणि तेवीस-चोवीसची मुलगी अशी जोडी बऱ्याचदा दिसते. स्थळं परत जातात म्हणून आलेली. एकदा एका आईने आहारतज्ज्ञ बाईंना विचारलं, लग्नानंतर सासरी या गोळ्या कशा घ्यायच्या? कोणाला सांगितलेलं नाही. मुलगी मोबाइलकडे बघत होती. हा प्रश्न मला सात वर्षं सुटलेला नाही. ऑपरेशन लपवायचं म्हणजे पाच-सहा गोळ्या रोज लपवायच्या, पंगतीत दोन घासांत पोट भरल्याचं कारण लपवायचं, उन्हाळ्यात घोट-घोट पाणी पिणं लपवायचं. सगळ्यात आधी गोळ्या बंद होतात. दुसरीकडे वजन उतरलं की पाळी नियमित होते, दिवस राहण्याची शक्यता वाढते. डॉक्टर सांगतात किमान वर्ष-दीड वर्ष थांबा, आणि घरात सहाव्या महिन्यापासून विचारणा सुरू. बायपास झालेलं असेल तर गर्भनिरोधक गोळीचाही पूर्ण भरवसा नाही. लोह, बी-ट्वेल्व्ह, फॉलिक ॲसिड रिकामं असलेल्या अंगात मूल वाढणार. ज्या समुपदेशनात नवऱ्याला किंवा सासूला कधी, कसं सांगायचं हे बोललं जात नाही, ते समुपदेशन नव्हे, तो सहीसाठीचा अर्धा तास आहे. लग्नासाठी म्हणून हे ऑपरेशन करूच नये असं मी म्हणणार होतो. पण ज्या मुलीला मधुमेह आहे, गुडघे गेलेत, तिने कारण काहीही सांगितलं तरी तिला ते लागतं. मग निदान लपवायला लावू नका.

विम्याकडे येतो. विमा नियामकाने २०१९ साली वगळणुकींची, म्हणजे पॉलिसीत काय बसत नाही त्याची, भाषा सगळ्या कंपन्यांसाठी सारखी केली. त्यात वजनाच्या ऑपरेशनला दार उघडलं: डॉक्टरांचा सल्ला हवा, वैद्यकीय निकषांचा आधार हवा, वय १८ पूर्ण हवं, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) ४० किंवा त्याहून जास्त हवा, मधुमेह आटोक्यात नसेल, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असेल, तर ३५ चालतो. माझ्यानंतर दीड वर्षाने हे झालं, असो. पण त्या सगळ्या अटी ऑपरेशन टेबलापर्यंतच्या आहेत. पुढे काय? पॉलिसीत डिस्चार्जनंतरचा खर्च बहुधा साठ किंवा नव्वद दिवसांचा. आयुष्मान भारतसारख्या सरकारी योजनेत तर कुठल्याही उपचारानंतर पंधरा दिवसांचा. बी-ट्वेल्व्ह संपायला तीन वर्षं लागतात आणि विमा नव्वद दिवसांत हात झटकतो. वर्षाला चार-पाच हजारांची रक्ततपासणी कंपनीने भरली तर तिचाच पुढचा भरतीचा खर्च वाचेल, हे गणित करायला मी लागत नाही, त्यांच्याकडे माझ्यापेक्षा हुशार माणसं आहेत.

ओळखीच्या एका सर्जनशी या कागदावरून वाद झाला. त्यांचं म्हणणं, “एवढं सगळं लिहून दिलं तर निम्मे घाबरून पळतील, आणि ज्यांना खरंच गरज आहे तेच पळतील.” मुद्दा खोटा नाही. घाबरलेला मधुमेही घरी बसून डायलिसिसपर्यंत पोचू शकतो. पण हीच माणसं बेसा-मनीषनगरात फ्लॅट घेताना मेंटेनन्स किती, लिफ्टचं कोण बघणार, दहा वर्षांनी रंगाचा खर्च कोणाचा, असं सगळं विचारून, आकडा ऐकून, तरीही फ्लॅट घेतात. आकडा कळल्याने सगळेच पळत नाहीत. आणि जो वर्षाला तीस हजार काढूच शकत नाही, त्याने आज थांबणं हे त्याच्या जिवासाठी बरंच आहे. त्याच्यासाठी वेगळी सोय हवी. सर्जनसाहेबांचा दुसरा मुद्दा मला जास्त पटला: पेशंटच परत येत नाहीत. खरं आहे. मीही दोन वर्षं गेलो नव्हतो. एक कारण आळस. दुसरं हे, की माझ्या फाइलीत पाच वर्षांत तीन आहारतज्ज्ञांचे नंबर आहेत आणि त्यातले दोन लागत नाहीत. ब्रिटनमध्ये ऑपरेशन करणाऱ्या केंद्रानेच किमान दोन वर्षं पेशंटकडे बघायचं आणि मग वर्षातून एकदा तपासणीची सोय लावून द्यायची, असा दंडक आहे. तिथे पेशंट आला नाही तर निदान चुकला कोण हे कळतं.

२०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं इथे विकायला आली, तेव्हापासून लोक म्हणतात, आता ऑपरेशन हवंय कशाला, सुई आहे. सुई सोडली की वजन बरंचसं परत येतं. म्हणजे तीही हप्त्यांचीच गोष्ट, फक्त डाउन पेमेंट नाही. तो हिशेबही कोणीतरी लिहून द्यायला हवाच.

गरिबांसाठीची सोय म्हणालो, ती नागपुरात करणं अशक्य नाही. मेडिकल आणि मेयो ही सरकारी हॉस्पिटलं आहेत, मिहानमध्ये एम्स आहे. यांपैकी एका ठिकाणी आठवड्यातून एक दुपार अशी ओपीडी हवी, जिथे ऑपरेशन कुठेही झालेलं असो, कोणीही फाइल घेऊन यावं. रक्त तपासावं, जनऔषधीतल्या गोळ्या लिहून द्याव्यात, तालुक्याच्या डॉक्टरला फोनवर सल्ला द्यावा. खासगी हॉस्पिटलांनी केलेल्या ऑपरेशनांचा भार सरकारने का उचलावा, असं कोणी विचारेल. मला वाटतं प्रत्येक ऑपरेशनमागे हॉस्पिटलकडून ठरावीक रक्कम घ्यावी आणि त्यातून ही ओपीडी चालवावी. रकमेवर वाद घालता येईल.

गेल्या रविवारी ऑफिसातल्या एका पोराचा मेहुणा भेटायला आला होता. वय ३४, वजन १३१, साखर आटोक्याबाहेर, पुढच्या मे महिन्याची तारीख मिळालेली. तास-दीड तास फाइल उलटत बसला. हिशेबाच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला, कार्डाचाही काढला. उठताना म्हणाला, बाकी कळलं, पण हा पेला कुठे मिळतो? मी माझाच काढून दिला. आणि सांगितलं, तारीख डिसेंबरची माग.